घट बसले, आजी उठल्या

आमच्या मालिकेतलं एक वाक्य तयार करायला तीन माणसं लागतात. कथा मुंबईत सुचते. पटकथा ठाण्यात बेतली जाते. मग ते सगळं सांगलीला माझ्याकडे येतं आणि त्यातली माणसं मी बोलती करायची, म्हणजे संवाद लिहायचे. 'या घरात एक तर मी राहीन, नाही तर तुमची आई' हे वाक्य आम्ही तिघं मिळून दीड दिवसात पुरं करतो. आमच्या शेजारच्या घरात तेच वाक्य एका बाईनं आमटीला फोडणी देता देता, कोणाच्याही मदतीशिवाय म्हटलेलं मी ऐकलेलं आहे.

मी मूळचा हिशेबाचा माणूस. कुपवाडच्या एका कारखान्यात पंपाच्या सुट्या भागांची किंमत काढून द्यायचो. लोखंड किती, वीज किती, कामगाराचा वेळ किती, वाया किती. संध्याकाळी नाटकं लिहायचो. स्पर्धेत आमच्या नाटकाला बहुतेक वर्षी उत्तेजनार्थ बक्षीस मिळे. उत्तेजन द्यावं असं आमच्यात परीक्षकांना काहीतरी हमखास सापडायचं. त्यापुढचं काही कधी सापडलं नाही.

त्या नाटकांत म्हातारीचं काम करायला सांगलीतल्या एक जुन्या नटी येत. मी त्यांना मावशी म्हणतो. तरुणपणी त्यांनी गावोगावच्या जत्रांत तंबूतली नाटकं केलेली. माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जाईल असा आवाज. मालिकेचं चित्रीकरण साताऱ्याकडे आलं, कारण तिथे डोंगर फुकट मिळतो आणि बंगले स्वस्त. तेव्हा आजीच्या भूमिकेसाठी मावशींची निवड झाली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी दिग्दर्शकाला सांगितलं, की ही वाक्यं कागदावर बरी दिसतात, तोंडात बसत नाहीत. आमच्याकडे एक लिहिणारा आहे, त्याला बोलवा. अशा रीतीने मला टीव्हीवर मावशींनी आणलं. हे आधी सांगतो, कारण पुढे त्यांना मारायचं काम माझ्याच वाट्याला आलं.

वाहिनीला माझं लिखाण आवडतं की नाही हे मला अजून कळलेलं नाही. ते वेळेवर येतं हे मात्र त्यांना फार आवडतं. शिवाय मला आकडेमोड येते. आज सहाच नट आहेत, त्यातल्या दोघांना दुपारी सोडायचंय, पाऊस आहे म्हणून अंगण मिळणार नाही, खलनायिकेचा घसा बसलाय, तेव्हा तिने नुसतं बघायचं. एवढ्या मालात बावीस मिनिटांचं कौटुंबिक वादळ बसवून द्या, असा निरोप आला की दुसरे लेखक म्हणे चिडतात. मला कुपवाडची आठवण येते. तिथेही असंच असायचं. फक्त तिथे शेवटी पंप तयार व्हायचा.

घरी माझ्या कामाबद्दल आदर आहे. आमच्या मालिकेच्या वेळेलाच दुसऱ्या वाहिनीवर एक मालिका लागते, ती माझी बायको नेमाने बघते. एकदा मी विचारलं, तर म्हणाली, तुमच्यातलं पुढे काय होणार ते तुम्ही जेवतानाच बडबडता, मग बघायचं काय?

तर मावशी कोमात कशा गेल्या ते सांगतो. दर गुरुवारी मालिकांच्या लोकप्रियतेचे आकडे येतात. एका गुरुवारी आमचे घसरले. त्याच दुपारी वाहिनीवरच्या मॅडमनी आम्हा तिन्ही लेखकांना व्हिडिओ कॉलवर बोलावलं. मॅडम तिशीच्या आतल्या, हुशार, आणि मला सर म्हणतात. सर म्हणून झाल्यावर त्या जे सांगतात ते करायचं असतं. त्या म्हणाल्या, आजींना कोमात टाकू या. कारणही दिलं. घरात एक बेशुद्ध माणूस असलं की बाकीच्या सगळ्यांना मनातलं बोलायला जागा होते.

हे खरं निघालं. मावशी पलंगावर आडव्या झाल्या आणि अख्खं घर त्यांच्या उशाशी येऊन कबुलीजबाब देऊ लागलं. थोरल्या मुलाने जमिनीची कागदपत्रं कशी फिरवली ते सांगितलं. धाकट्याने शहरातल्या दुसऱ्या बाईबद्दल सांगितलं. धाकटी सून, म्हणजे आमची खलनायिका, रोज रात्री दुधात काहीतरी मिसळते एवढंच सांगून मग हसायची. ती सगळी वाक्यं मीच लिहिली. नटांना ती इतकी आवडली की प्रत्येकजण मला बाजूला घेऊन विचारायचा, माझा आजींच्या उशाशी सीन कधी? आकडे चढले. एकाच व्यक्तीला एकही वाक्य उरलं नाही, आणि अख्खं नाटक तिच्या कानात चाललेलं होतं.

सांगलीहून आम्हा दोघांना सकाळी एकाच गाडीने नेत. मावशी पुढे बसत, मी मागे. कराड मागे पडेपर्यंत त्या गप्प असत आणि मग सुरू करत.

"लेखकराव, मला मारायचं ठरलंय व्हय?"

कथा माझ्याकडे नसते, असं मी सांगायचो. ते खरं होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. मावशींनी उभं आयुष्य नाटकात काढलेलं. वाऱ्यावरून त्यांना कळत असे. एकदा त्या म्हणाल्या, मरायला माझी ना न्हाई. तंबूत मी विष पिऊन मेले, तलवारीनं मेले, एकदा तर खांब अंगावर पडून खरंच मरायची वेळ आली होती, तरी वाक्य पुरं केलं. मग मान मागे वळवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पण मुक्यानं एकदाबी मेले न्हाई. चार वाक्यं दे रं बाबा. मग खुशाल मार."

मागणं एवढंच होतं. मरणाआधी एकदा तोंड उघडायचं. त्या मानाने नायिकेचं मागणं पाहा: तिला व्हॅनिटी व्हॅन साताऱ्याकडे तोंड करून उभी हवी होती, म्हणे उजेड चांगला येतो.

मी मॅडमना विचारलं. त्यांनी शांतपणे समजावलं की कोमातलं माणूस बोललं तर कोमाचं वजन जातं. शिवाय मरताना बोलणं आता जुनं झालं. मावशींचं काय होणार तेही तेव्हाच स्पष्ट झालं. घटस्थापनेला एक तासाचा महाएपिसोड, त्यात आजींची तब्येत बिघडणार. मग रोज थोडी थोडी बिघडत जाणार. आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्या जाणार, म्हणजे दसऱ्याला सगळं घर सोनं वाटत असताना घरातलं सोनं गेलेलं असणार. हे शेवटचं वाक्य मॅडमचं स्वतःचं होतं आणि त्यावर त्या थोड्या थांबल्या. आम्ही तिघांनी वा म्हटलं.

नवरात्राची वाहिनीची तयारी जबरदस्त होती. नऊ दिवसांचे नऊ रंग ठरलेले असतात, त्याप्रमाणे सगळ्या नट्यांच्या साड्या आल्या होत्या. आजी बेशुद्ध असल्या म्हणून काय झालं, त्यांचं पांघरूणही रोज त्या त्या रंगाचं असणार होतं. नऊ रंगांची नऊ पांघरुणं मुंबईहून पाठवलेली मी स्वतः पाहिली आहेत. महाएपिसोडची जाहिरात आठवडाभर दिवसातून कितीतरी वेळा दाखवत होते. त्यात मावशींचा मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा, वर वीज चमकते, आणि एक जाड आवाज विचारतो, घटस्थापनेच्या दिवशी आजींचं काय होणार?

ते मुंबईत कोणालाच माहीत नव्हतं.

आमचं चित्रीकरण सातारा-लोणंद रस्त्यापासून जरा आत असलेल्या एका गावात चालतं. बंगला एका निवृत्त सुभेदारांचा. ऊस आणि पेन्शन यांच्यावर उभा राहिलेला, दोन मजल्यांचा, पुढे चार गोल खांब. मालिकेत त्याला आम्ही राजवाडा समजतो. सुभेदार स्वतः शूटिंगच्या भानगडीत पडत नाहीत. घर चालवतात त्या त्यांच्या मालकीण, त्यांना सगळं युनिट काकू म्हणतं. वर्षभरात काकूंनी आम्हाला फार सहन केलं. त्यांच्या स्वयंपाकघरात तीन वेळा खोटी आग लागली, अंगणात दोन लग्नं मोडली, तुळशीपाशी रोज कोणीतरी रडतं. त्यांनी एकदाही हरकत घेतली नव्हती. त्यामुळे त्या हरकत घेऊ शकतात हे कोणी धरलंच नव्हतं.

महाएपिसोड ज्या दिवशी दाखवायचा त्याच दिवशी सकाळी त्याचे शेवटचे भाग चित्रित करायचे होते. असं का, असं विचारणाऱ्याने मालिका कशा बनतात ते पाहिलेलं नाही. आम्ही पोचलो तेव्हा मधल्या खोलीतला आजींचा पलंग भिंतीला टेकवून उभा करून ठेवलेला होता. गादी गुंडाळून माळ्यावर गेली होती. शेजारच्या देवघरात पत्रावळीवर माती, मातीत धान्य, त्यावर घट, त्याला पहिली माळ आणि बाजूला समई. काकू अनवाणी, नव्या साडीत, समईची वात सारखी करत होत्या.

दिग्दर्शकाला वाटलं साफसफाई चालली आहे. त्याने दोन माणसांना पलंग आडवा करायला सांगितलं. काकू उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, देव बसल्यात. आता दसऱ्यापातूर ह्या घरात कुणी खाटंवर पडायचं न्हाई. आमी न्हाई आन् तुमची आजी बी न्हाई."

दिग्दर्शक पस्तिशीचा, मुंबईत वाढलेला, स्वभावाने गरीब. त्याने समजावायला सुरुवात केली. काकू, या काही खऱ्या झोपणार नाहीत. ही खरी आजी नाही. हा सगळा खोटा प्रकार आहे, तुम्ही तर रोज बघता.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आवं, आजी आसंल खोटी. खाट तर खरी हाय न्हवं?"

त्या गावात घट बसले की बसलेल्या घरात पलंग उभे करून ठेवतात आणि सगळे जमिनीवर सतरंजीवर किंवा घोंगड्यावर झोपतात. खुद्द सुभेदार, ज्यांची कंबर गेलेली आहे, ते आदल्या रात्रीपासून घोंगड्यावर होते. दिग्दर्शक त्यांच्याकडे दाद मागायला गेला. ते ओसरीत पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली न करताच सांगितलं की पलटणीत माझा हुकूम चालत होता, ह्या घरात कधी चालल्याचं मला आठवत न्हाई.

मग मॅडमना व्हिडिओ कॉल लावला. मॅडमनी आधी भाडं वाढवून द्यायला सांगितलं. दिग्दर्शकाने तसं विचारलं. काकूंनी त्याला बसायला पाट दिला आणि विषय संपवला. मग मॅडम म्हणाल्या, तर मग आजींना जमिनीवर घ्या. आणि लगेच स्वतःच नको म्हणाल्या.

"सर, एवढं श्रीमंत घर आणि बेशुद्ध आजी जमिनीवर? लोक म्हणतील सून छळते."

"सून छळतेच की," मी म्हणालो.

"हो, पण ते घरच्यांना अजून माहीत नाहीये ना."

दवाखान्यात हलवा, असं पटकथा लिहिणाऱ्याने ठाण्याहून सुचवलं. ते जमणार नव्हतं, आणि त्याला कारण मी. तीनच आठवड्यांपूर्वी थोरल्याने आईच्या पायांवर हात ठेवून शपथ घेतली होती की माझी आई या घराबाहेर जाईल ती स्वतःच्या पायांनी चालत. वाक्य माझं होतं. मॅडमनी ते खास कळवून नावाजलं होतं. आता तेच दारात आडवं पडलेलं होतं. दुसरं म्हणजे आमचा दवाखाना, जो साताऱ्यातल्या एका बंद पडलेल्या मंगल कार्यालयात उभा करतात, तो दसऱ्यापर्यंत दुसऱ्या मालिकेने घेतला होता; त्यांच्याकडेही कोणीतरी कोमात होतं.

आजींना आज दाखवायचंच नाही, हेही शक्य नव्हतं. आठवडाभर वीज चमकवून आजींचं काय होणार असं विचारलेलं, आणि आज आजीच नाहीत म्हटल्यावर लोक काय म्हणाले असते?

तेव्हा मॅडमनी निर्णय घेतला. त्या निर्णय पटकन घेतात, म्हणूनच त्या त्या जागेवर आहेत. त्या म्हणाल्या, मग आजच जाऊ देत. दसऱ्याचं आपण बघू काहीतरी. मेल्यावर जमिनीवर ठेवतातच, म्हणजे पलंगाचा प्रश्नच मिटला.

मावशी दारापाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून होत्या. मेकअप झालेला, पिवळं पांघरूण मांडीवर घडी करून ठेवलेलं. त्या दिवशीचा रंग पिवळा होता. फोन दिग्दर्शकाच्या हातात, आवाज मोठा, त्यामुळे त्यांना सगळं ऐकू येत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पांघरुणाची घडी उलगडली आणि परत नीट घातली. मला दोन तासांत त्यांच्या मरणावर दुसऱ्यांनी बोलायची साडेतीन पानं लिहून द्यायची होती. त्यांना स्वतःला त्यात एक उसासा होता, आणि तोही दिग्दर्शकाला जमला तर घे म्हणून सांगितलेलं होतं.

पण काकू अजून उंबऱ्यातच होत्या. त्यांनी विचारलं, ती बाई फोनमधून काय म्हणाली?

दिग्दर्शकाने सांगितलं. काकूंचा चेहरा बदलला. त्या फोनकडे वळल्या आणि थेट मॅडमशीच बोलल्या, शेजारच्या पोरीशी बोलावं तशा.

"बाई, मेल्याचं सोंग बी ह्या घरात न्हाई. घटाम्होरं रडारड मी चालू द्यायची न्हाई. दसरा झाल्यावर मारा की निवांत. लय घाई हाय का?"

मॅडमनी तिकडून आवाज बंद करून कोणाशी तरी बोलून घेतलं. आधी मला वाटलं रेंज गेली.

मी हिशेब मांडला, कारण मला दुसरं काही येत नाही. आजींना झोपता येत नाही. घराबाहेर जाता येत नाही. मरता येत नाही. न दाखवून भागत नाही. तर मग उरतं काय? मी म्हणालो, मॅडम, आजींना उठवावं लागेल.

मॅडमना ते पटायला पाच मिनिटं लागली, पण पटलं. लगेच त्यांनी त्यात सुधारणाही केली. उठू देत, पण धक्क्याने त्यांची वाचा गेलेली असू दे. म्हणजे शुद्धीवर आहेत, सगळं कळतंय, पण बोलता येत नाही. हे जास्त दर्दभरं होईल. दिग्दर्शक लगेच हो म्हणाला. ठाण्याहूनही हो आलं. खुर्चीवरून मावशी म्हणाल्या, "झालं. पडून मुकी होते, आता बसून मुकी." कोणाला उद्देशून नाही, नुसतंच म्हणाल्या.

मावशींचा अनुभव, त्यांचा आवाज, त्यांनी मला दिलेलं काम, यातलं काही मॅडमना सांगून उपयोग नव्हता. त्या भाषेत तिथे काही विकत नाही. म्हणून मी मिनिटं काढली. महाएपिसोड एक तासाचा, जाहिराती जाऊन चव्वेचाळीस मिनिटांचा. त्यातली नऊ मिनिटं सगळ्या कुटुंबाने पलंगाभोवती रडायची होती, ती पलंगाबरोबर भिंतीला टेकली. आजी उठून मुक्याने बसल्या, सगळ्यांनी त्यांना मिठ्या मारल्या, तर ताणून ताणून पाच मिनिटं होतात. चार मिनिटं कमी पडतात. आणखी कोणाला बोलायला लावावं तर खलनायिका आणि धाकटा, दोघंही दुपारी दुसऱ्या शूटिंगला जाणार. उरतात त्यांच्यात चार मिनिटं पेलेल असं एकच माणूस सेटवर आहे, आणि ते पूर्ण मेकअपमध्ये बसलेलं आहे.

"चार मिनिटं?" मॅडमनी विचारलं.

"चार. संध्याकाळी प्रसारण आहे."

मराठी रंगभूमीचा एवढा इतिहास आहे म्हणतात. त्या दिवशी एका नटीला वाक्यं मिळाली ती भरताड म्हणून. मॅडमनी एकच अट घातली. आजींनी कोमात जे जे ऐकलंय त्यातलं एकही गुपित फोडायचं नाही. त्या गुपितांवर मार्चपर्यंतची कथा बांधलेली आहे.

मी मागच्या दारी पायरीवर बसून लिहिलं. समोर उसाची रिकामी ट्रॉली होती, तिच्यावर काकूंची शेळी चढून माझ्याकडे बघत होती. चार मिनिटं बोलायचं आणि काही सांगायचं नाही, ही तशी आमच्या धंद्यातली रोजची गोष्ट. पण या वेळी मला जमेना. मग सुचलं ते इतकं सरळ होतं की तीन लेखकांपैकी कोणाला सुचलं नव्हतं, कारण आम्ही सगळे पलंगाभोवतीच्या लोकांचा विचार करत होतो, पलंगावरच्या बाईचा नव्हता. तिने सगळं ऐकलेलं आहे. ती एवढंच म्हणेल.

दुपारी सीन झाला. मावशी जमिनीवर, घोंगड्यावर, भिंतीला टेकून बसलेल्या. घोंगडं सुभेदारांचंच होतं. समोर दोन्ही मुलं आणि सुना. खलनायिका आणि धाकट्याला त्यासाठी जायला उशीर झाला आणि ते दोघंही सारखे मोबाईल बघत होते. मावशींनी पानं घेतली, एकदा वाचली आणि परत माझ्याकडे दिली. चष्मा काढून ठेवला. कॅमेरा चालू झाला. एकेकाच्या तोंडाकडे बघत गेल्या, थोरल्यापासून धाकट्या सुनेपर्यंत, बाजारात भाव न विचारता माल बघावा तशा. मग म्हणाल्या, "माझ्या उशाशी कोण कोण येऊन काय काय बोललं, समदं ऐकलंय मी. मला वाटलं होतं, मेल्यावर कळतात माणसं. पडल्यावर बी कळत्यात." आवाज चढवला नाही. तंबूतला आवाज त्यांनी पोटातच ठेवला होता आणि तो तिथे आहे हे सगळ्यांना कळत होतं. "घाबरू नका. मी कुणाचं कुणाला सांगायची न्हाई. तुमचं तुम्हीच एकमेकांना सांगा. घट उठायच्या आत सांगा." पुढे आणखी दोन वाक्यं होती. ती त्यांनी म्हटलीच नाहीत. नुसत्या बसून राहिल्या. धाकट्याचं काम करणारा नट मोबाईल खिशात ठेवायचा विसरला, तो हातातच राहिला, म्हणून दुसऱ्यांदा घ्यावं लागलं. दुसऱ्यांदाही त्या तशाच बोलल्या.

काकू देवघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. नंतर त्यांनी मावशींना राजगिऱ्याचा लाडू दिला आणि विचारलं, धाकटी सून दुधात खरंच काय घालती? मावशी म्हणाल्या, लेखकाला इचारा. मला अजून माहीत नाही, असं मी खरं तेच सांगितलं. काकूंनी ते मानलं नाही.

संध्याकाळी घरी टीव्ही लावला. बायकोने रिमोट मुकाट्याने दिला, महाएपिसोड होता म्हणून. मावशींच्या प्रत्येक वाक्यानंतर घरातल्या एकेकाचा चेहरा तीन तीनदा, जवळून, ढगांच्या गडगडाटासह दाखवला. घड्याळ लावून मोजलं: चार मिनिटांपैकी मावशी सव्वा मिनिट होत्या, बाकी गडगडाट. पण ते सव्वा मिनिट संपलं तेव्हा बायकोने तिच्या मालिकेकडे चॅनेल फिरवलं नाही. हा माझ्या कारकिर्दीतला सर्वोच्च सन्मान समजावा.

नवरात्रभर मावशी घोंगड्यावर बसल्या आणि रोज दोन-चार वाक्यं बोलल्या, कारण रोजच पलंगाची मिनिटं कमी पडत होती. नऊ पांघरुणांच्या त्यांनी शाली केल्या. पुढच्या गुरुवारी आकडे आले, इतके चांगले की मॅडमनी कॉलवर आम्हाला पेढे दाखवले. आजींचं मरण रद्द झालं. मग मॅडम म्हणाल्या, आजींचं उठणं लोकांना फार आवडलंय, तेव्हा दसऱ्यानंतर त्यांना परत कोमात टाकू या.

मी नीट ऐकू आलं नाही असं म्हणालो. त्यांनी समजावलं: झोपल्याशिवाय उठणार कशा? दिवाळीला परत उठवू. तोपर्यंत गप्प पडलेल्या.

दुसऱ्या दिवशी गाडीत मावशींना मी ते सांगितलं. या वेळी कथा माझ्याकडे नसते वगैरे म्हटलं नाही. कराड गेलं, तरी त्यांनी नेहमीसारखं सुरू केलं नाही. मला वाटलं काम सोडतात. सोडलं असतं तर मला पटलं असतं, पण सांगलीत त्यांच्या एका खोलीत बसून त्या कोणाशी बोलल्या असत्या तेही मला माहीत होतं. टोलनाक्यावर गाडी थांबली तेव्हा त्यांनी मान वळवली.

"पडते. पण कायमची न्हाई. आठवड्यातनं एकदा शुद्धीवर येणार, चार वाक्यं बोलणार, परत पडणार. असा रोग असतो का रं?"

असा रोग नसतो. मी त्याच दुपारी मॅडमना सांगितलं की असतो. म्हणालो, आठवड्यातून एकदा उठल्या तर आठवड्यातून एकदा आकडे चढतील, दिवाळीची वाट कशाला बघायची? मॅडमनी लगेच त्या रोगाला इंग्रजीत एक नावही देऊन टाकलं. मालिकेतल्या डॉक्टरच्या तोंडी मी लिहिलं की मेंदू कधी जागा होईल ते विज्ञानाला सांगता येत नाही. त्यानंतर सांगलीतले आमचे खरे डॉक्टर माझं ब्लडप्रेशर बघताना माझ्याशी बोलत नाहीत.

दसरा झाला, घट उठले, काकूंनी पलंग स्वतः आडवा करून दिला. मावशी त्यावर पडल्या. त्या आठवड्याचा शुद्धीचा दिवस होता, त्यांनी डोळे उघडले, चार वाक्यं म्हटली, एकही कमी न करता, आणि परत मान टाकली. दिग्दर्शकाने कट म्हटलं. सगळे जेवायला निघाले, मावशी तशाच पडून राहिल्या. मी जवळ गेलो, तर डोळे न उघडता त्यांनी विचारलं, पुढचं कवा?

मंगळवारी, मी म्हणालो.

"मग मंगळवारी उठीव," त्या म्हणाल्या आणि पांघरूण नाकापर्यंत ओढून घेतलं.